उघड्या डिस्क

परशाने इचलकरंजीहून सहा डिस्क धाडल्या,
कंडक्टरच्या हाती, साखरेच्या पिशवीत.
वर त्याचं ते पाय मोडलेलं अक्षर:
आई एक, आई दोन,
असं करत करत
आई सहा, थोडी.

वडगावात आमच्या प्लेअरने पहिली गिळली,
घरघरला, आतल्या आत चाचपडला,
मग निळ्या पडद्यावर लिहिलं: नो डिस्क.
पोटात डिस्क असताना.
दुसरीलाही तेच. सहावीलाही.
बाजारची सिनेमाची घातली
तर ती लगेच नाचायला लागली.
म्हणजे बिघाड आईत होता.

माडीवरचा पोरगा म्हणाला, मऊ कापडाने पूस,
मधून कडेला, गोल गोल नको.
पुसली.
म्हणाला, प्लसची आहे काय मायनसची ते बघ,
जुन्या मशिनीला प्लस पचत नाही.
चष्मा लावून बारीक अक्षर वाचलं. मायनस.
मग तर पचायला पाहिजे होती.

बसलिंगने दुकानाच्या दारात येऊन
डिस्क उजेडाला तिरकी धरली,
आई धोट्यातली कांडी धरायची तशी,
सूत किती उरलंय बघायला.
"हे बघा अक्का, इथवर रंग बदललाय,
म्हणजे इथवर भरलंय.
खरं बंदच केलं न्हाई. उघडी सोडलाय.
आत सगळं आहे,
कुठं काय आहे ते सांगणारं पान तेवढं न्हाई."
तुम्ही करा की बंद, मी म्हटलं.
"जिनं भरली तीच मशीन बंद करणार.
इथं बसून माझ्याच्यानं व्हायचं न्हाई ते."
पैसे घेतले नाहीत त्याने.

रविवारी संकेश्वर, निपाणी,
कोगनोळीपुढे पाट्यांवरची अक्षरं बदलली,
ऊस तोच.
मांडीवर पिशवी. खिडकीतलं ऊन डिस्कवर पडू नये
म्हणून वर टॉवेल टाकलेला.

परशाचं रेकॉर्डर त्याच्या मागासारखंच,
चालू करायला एक थाप लागते.
एकेका डिस्कला चार मिनिटं.
पाच झाल्या तोवर चहा दोनदा झाला.
सहावीला पडद्यावर अक्षरं आली:
बंद केल्यावर पुन्हा काही भरता येणार नाही.
होय. नाही.
परशा म्हणाला, हिच्यात अजून चाळीस मिनिटं जागा आहे.
कशाची, मी विचारलं नाही.
तो रिमोट धरून बसला.
त्याची बायको दारातून आत बघून गेली.
मग मीच म्हटलं, दाब की,
साडेसहाची गाडी चुकायची.

आता लागतात.
पाचही डिस्कमध्ये आई कॅमेऱ्याला हेच सांगते,
बंद कर की रे ते, लाइट जळालीय फुकट.
मागे मागाचा खडखडाट, त्याच्यावर तिचा आवाज,
मागवाल्यांच्या घरी बोलतात तेवढ्या उंचीवरचा.

बुधवारी गंगव्वा आली बघायला.
पाट घेतला नाही, उंबऱ्यातच टेकली.
सहावी लावली.
आई कांड्या भरत होती, पाठमोरी.
मध्येच मान वळवून
परड्याच्या भिंतीकडे तोंड करून ओरडली,
"गंगव्वा, उप्प ऐतेन?"

"ऐत, तरतेनि," म्हणत गंगव्वा उठली.
चार पावलं गेली असेल.
परड्यात उभी राहिली, पदर सारखा केला,
आणि परत न येता
तशीच भिंतीला वळसा घालून घरी गेली.

चित्र पुढे तीन मिनिटं आहे.
त्यात वाटी येते भिंतीवरून,
हात दिसत नाही.